गोळीमुळे की दुखण्यामुळे?

समजा, तुम्ही शंभर माणसं निवडली. पन्नास जण पाठदुखीसाठी वर्षानुवर्षं मॉर्फिनसारखी ओपिऑइड औषधं घेणारे, पन्नास ठणठणीत. सगळ्यांच्या लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या, पहिला गट मागे पडला. निष्कर्षात काय लिहाल? ‘ओपिऑइडमुळे बुद्धी मंदावते’?

थांबा. दुसऱ्या गटाला औषध नाही हे खरं, पण दुखणंही नाही! दाढ ठणकत असताना हिशेब करून बघा, म्हणजे कळेल. दुखणं स्वतःच लक्ष खातं. त्यात झोप मोडलेली, मन खचलेलं, जोडीला बऱ्याचदा झोपेची गोळी. शिवाय ओपिऑइड मिळतं कोणाला? ज्याचं दुखणं जास्त, त्याला. याला ‘कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन’ म्हणतात.

डेन्मार्कच्या पेअर श्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘पेन’ या नियतकालिकात छापलेला अभ्यास यासाठी जरूर वाचा. कॅन्सरचे १३० रुग्ण. कोणाला दुखणं आहे पण ओपिऑइड नाही, कोणाला ओपिऑइड आहे पण दुखणं आटोक्यात, कोणाला दोन्ही, कोणाला काहीच नाही, असे गट पाडले. एका चाचणीत आकडे ऐकत जायचं आणि प्रत्येक आकडा त्याच्या आधीच्या आकड्यात मिळवत राहायचं. (करून बघा, घाम फुटतो.) दीर्घकाळ चाललेल्या ओपिऑइडचा वेगळा परिणाम चाचण्यांत दिसला नाही. उलट या बेरजेत औषधापेक्षा दुखणंच जास्त आड येत असावं, असं दिसलं. अर्थात कॅन्सरचं दुखणं म्हणजे पाठदुखी नव्हे, हा निकाल जसाच्या तसा उचलू नका.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या सिॲटलचा, २०१५ चा. ६५ वर्षांपुढचे ३,४३४ लोक, सुरुवातीला कोणालाही डिमेन्शिया नाही. सर्वांत जास्त ओपिऑइड घेणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका थोडा जास्त आढळला, हॅझार्ड रेशो १.२९. एवढ्यावर थांबले असते तर बातमी झाली असती! पण त्यांनी आयब्युप्रोफेनच्या जातीची साधी वेदनाशामकंही तपासली. तिथेही सर्वांत जास्त घेणाऱ्यांत तसंच, १.३९. दोन अगदी वेगळ्या जातींच्या औषधांत सारखंच चित्र दिसलं, तर संशय दोघांमागच्या दुखण्यावर जातो. मला ही तुलना फार आवडते. खर्च जवळपास शून्य, कारण माहिती हाताशीच असते.

म्हणून ओपिऑइड निर्दोष ठरत नाही हं. औषध सुरू करताना आणि डोस वाढवताना गुंगी येते, प्रतिक्रिया मंदावते, झोपेच्या गोळीसोबत तर जास्तच. आपण ‘काही होत नाही’ लिहिलं तर असा माणूस निर्धास्तपणे स्कूटर चालवेल. ‘होतं’ लिहिलं तर एखाद्या आजीची गोळी बंद होईल, दुखणं परत येईल, आणि विसरणं कदाचित तसंच राहील.

तुम्ही आराखडा करताना त्याच माणसाची चाचणी औषधाआधी आणि नंतर घ्यायची ठरवाल. चांगलंच. पण दुसऱ्यांदा चाचणी सरावानेच बरी जाते. तेव्हा दुखणं असलेला, पण ओपिऑइड न घेणारा गट सोबत ठेवा आणि त्याचीही चाचणी तितक्याच अंतराने दोनदा घ्या.