इलेक्ट्रॉनीय वाद्यसंगीत, चित्रपट व जाहिरातींतील
चित्रपट, दूरचित्रवाणी आणि जाहिराती यांकरिता विजेवर चालणाऱ्या वाद्यांवर रचले जाणारे, बहुधा शब्दविरहित संगीत. विद्युत्‌ गिटार, बेस गिटार व ड्रमसंच यांवर आधारलेले रॉक वाद्यसंगीत आणि सिंथेसायझरसारख्या वाद्यांतून निर्माण होणारे इलेक्ट्रॉनीय संगीत, असे दोन्ही प्रवाह त्यात मिसळलेले आढळतात. स्वतंत्र मैफलीसाठी ते रचलेले नसते. दृश्य, निवेदन किंवा विक्रीची वस्तू यांच्या सोबतीने ते ऐकले जाते. त्यामुळे कोट्यवधी श्रोत्यांच्या कानी पडूनही त्याचे रचनाकार व वादक सहसा अज्ञात राहतात.

विद्युत्‌ गिटारमध्ये पोलादी तारेच्या कंपनामुळे चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह उद्‌भवतो व तो वर्धकाद्वारे वाढविला जातो. वर्धकावर मुद्दाम अधिक भार दिल्यास मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळून तो खरखरीत होतो. रॉक संगीताने हाच दोष अलंकार म्हणून स्वीकारला. सिंथेसायझरमध्ये कंप पावणारी तार वा पडदा नसतो. आंदोलक मंडल मूळ ध्वनी निर्माण करते, छानक त्यातील काही उपस्वर गाळतो आणि तिसरे मंडल ध्वनीचा उठाव व लय ठरविते. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये या तत्त्वावरील वाद्य तयार केले. त्याआधीच फॉरबिडन प्लॅनेट (१९५६) या अमेरिकन चित्रपटास लुई व बीबी बॅरन यांनी संपूर्णतः इलेक्ट्रॉनीय पार्श्वसंगीत दिले होते. द शॅडोज या ब्रिटिश वृंदाच्या ‘अपाची’ (१९६०) या रचनेने आणि जेम्स बाँड चित्रपटांच्या मुख्य सुरावटीने (१९६२) विद्युत्‌ गिटारला कथा सूचित करण्याचे सामर्थ्य असल्याचे दाखवून दिले.

भारतात या वाद्यांचा प्रवेश मुंबईच्या चित्रपटसृष्टीतून झाला. नागिन (१९५४) या चित्रपटातील पुंगीचा सुप्रसिद्ध नाद पुंगीचा नव्हताच. संगीतकार हेमंतकुमार यांच्या वृंदात कल्याणजी यांनी तो क्लॅव्हियोलिन या वाद्यावर काढला. काँस्टंट मार्टिन या फ्रेंच तंत्रज्ञाने १९४७ च्या सुमारास बनविलेल्या या निर्वात नलिकांच्या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघे व त्यास कंप देता येई. पुंगीचा सूरही कंपयुक्त आणि पत्तीच्या वाद्यासारखा तीक्ष्ण असल्याने श्रोत्यांना फरक जाणवला नाही. पुढे केर्सी लॉर्ड यांसारख्या वादकांनी सिंथेसायझर रूढ केला. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग इलेक्ट्रॉनीय तालयंत्राच्या साथीवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. ती त्या काळी दुर्लक्षित राहिली आणि २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर तिची जगभर वाखाणणी झाली.

जाहिरात-संगीताला खरे क्षेत्र लाभले ते आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे व्यापारी प्रसारण सुरू झाले तेव्हा. मराठवाड्यात असे केंद्र त्या वेळी नव्हते. दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून येऊ लागल्या. लंडन व पॅरिस येथे पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतलेले वनराज भाटिया यांनी या क्षेत्रात हजारो रचना केल्या. लिरिल साबणाच्या जाहिरातीची शब्दहीन सुरावट त्यांचीच. मराठी संगीतकारांत अशोक पत्की यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. जाहिरातींच्या विपुल रचनांतून कमावलेला त्यांचा नेमकेपणा आभाळमाया (१९९९) या मालिकेच्या शीर्षकगीतातही प्रत्ययास येतो.

अशा रचनेत कालमर्यादा हाच मुख्य शास्त्रनियम होय. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत तीस सेकंदांत साठ मात्रा, म्हणजे चार मात्रांचे केवळ पंधरा खंड बसतात. दहा सेकंदांच्या जाहिरातीस पाचच मिळतात. चित्रपटाच्या सेकंदास २४ चौकटी असल्याने या लयीत प्रत्येक मात्रा बाराव्या चौकटीवर बिनचूक येते. भारतीय दूरचित्रवाणीच्या २५ चौकटींशी तोच मेळ साधण्यास लय १२५ करावी लागते. आलापीने स्वर हळूहळू उलगडण्यास येथे अवकाश नसतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांतच ओळख पटावी लागते.

शब्द नसल्याचा व्यापारी लाभ सीमाभागात विशेष दिसतो. नांदेड जिल्हा तेलंगणाला व कर्नाटकाला, तर लातूर जिल्हा कर्नाटकातील बीदरला लागून आहे. देगलूर, बिलोली वा उदगीर येथे मराठी निवेदनाखाली वाजणारी सुरावट सीमेपलीकडे तेलुगू वा कन्नड निवेदनाखाली जशीच्या तशी वापरता येते. केवळ आवाज बदलावा लागतो. याच भागात आणखी एक देवघेव चालते. माहूरच्या रेणुकेच्या गोंधळातील संबळ व तुणतुणे, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील वाघ्या-मुरळीची दिमडी, मिरवणुकीतील हलगी यांचे नाद मराठी चित्रपटांच्या व मालिकांच्या संगीतात मोठ्या प्रमाणावर येतात. अजय-अतुल यांच्या जोगवा या चित्रपटाच्या संगीतास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांनीच सैराटसाठी (२०१६) पाश्चात्त्य वाद्यवृंद हॉलीवुडमध्ये ध्वनिमुद्रित केला. त्यातील ‘झिंगाट’ची धून पुढे लग्नाच्या वरातींत बँड व बेंजो पथकांनी उचलली.

विविध वाद्ये व संगणक यांना जोडणारी मिडी ही पद्धती १९८३ मध्ये प्रचारात आली आणि अर्थकारण पालटले. ॲरेंजरच्या हाताखाली व्हायोलिनवादकांच्या रांगा बसत, तेथे एका कळफलकावर काम भागू लागले. मुंबईच्या स्टुडिओंतील गोमंतकीय वादकांच्या अनेक पिढ्यांचा उदरनिर्वाह या बदलाने हिरावला. लोकवाद्यांच्या वादकांपुढील प्रश्न याहून नाजूक आहे. संबळाचा एक आघात नमुना म्हणून ध्वनिमुद्रित झाला, की तो असंख्य रचनांत पुनःपुन्हा वापरता येतो. वाकड्या काठीच्या दाबाने स्वर खालीवर करण्याची गोंधळ्याची करामत मात्र त्या सुट्या आघातात उतरत नाही, आणि मोबदला बहुधा एकदाच, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मिळतो. १९९४ च्या दुरुस्तीने प्रतिलिप्यधिकार कायद्यात कलावंताचे हक्क समाविष्ट झाले. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरावर स्वामित्वशुल्काचा वाटाही मान्य केला. परंतु हा हक्क सांगण्यासाठी वादकाचे नाव नोंदलेले असावे लागते, आणि जाहिरातीत नामावली दाखविण्याची प्रथाच नाही.