अल्फा की बीटा? क्रम बघा

ॲड्रेनालिन रक्तात मिसळलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, श्वासनलिका मात्र सैल पडतात. एकच रसायन, मग परिणाम उलटे कसे? उत्तर म्हणून एके काळी शास्त्रज्ञांनी दोन वेगळी ‘सिम्पॅथिनं’ कल्पिली होती: एक चेतवणारं, एक शमवणारं.

अमेरिकेत, जॉर्जियात रेमंड आल्क्विस्ट पाळीच्या वेदनांवर गर्भाशयाचा स्नायू सैल करणारं औषध शोधत होते. ॲड्रेनालिनच्या जातकुळीतली मोजकी रसायनं घेऊन कोणत्या अवयवावर कोणतं किती प्रभावी, हे त्यांनी ताडून पाहिलं. रक्तवाहिनी आकसवण्यात ॲड्रेनालिन सर्वांत पुढे, आयसोप्रेनालिन सर्वांत मागे. हृदय चेतवताना आयसोप्रेनालिनच अव्वल! इतर अवयवांतही यांपैकीच एक क्रम दिसला. म्हणजे भेद रसायनात नव्हता, ते झेलणाऱ्या रिसेप्टरमध्ये होता. १९४८मध्ये त्यांनी या रिसेप्टरना अल्फा आणि बीटा म्हटलं. हृदय चेतवणं आणि श्वासनलिका सैल करणं या परस्परविरुद्ध क्रिया त्यांनी एकाच बीटा गटात घातल्या, हे धाडस मला फार मोठं वाटतं. एका नामांकित नियतकालिकाने तो निबंध नाकारला होता.

पण नुसत्या क्रमावर विसंबता येत नाही. काही ऊती औषध शोषून घेतात, काही ते नष्ट करतात, आणि क्रम बिघडतो. म्हणून रिसेप्टर अडवणारी औषधं वापरतात. कोमट, ऑक्सिजन सोडलेल्या क्षारद्रावणात स्नायूची पट्टी दोऱ्याने टांगायची, उत्तेजकाची मात्रा वाढवत तिचा ताण नोंदवायचा. मग अवरोधक घालून तेच पुन्हा. पूर्वीइतकाच ताण यायला उत्तेजक दुप्पट लागावं, यासाठी किती अवरोधक पुरतो? हाइन्झ शिल्ड यांनी या आकड्याला शास्त्रीय बैठक दिली. दोन ऊतींत तो जुळला तर रिसेप्टर बहुधा एकच. ठळक फरक पडला तर उपप्रकार वेगळा असल्याची शंका घ्यायची.

१९६७मध्ये लँड्स आणि सहकाऱ्यांनी बीटाचे दोन भाग केले: हृदयातला बीटा-१, श्वासनलिकेतला बीटा-२. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल प्रामुख्याने दुसऱ्यावर काम करतं. १९८६मध्ये बीटा-२चं जनुक हाती आलं. अल्फाचेही असेच भाग पडले; आज अल्फा आणि बीटा मिळून नऊ उपप्रकार मानले जातात.

यादीत अल्फा-१सी मात्र नाही. गाईच्या मेंदूतून मिळालेल्या एका जनुकाला ते नाव दिलं गेलं. पुढे त्याच्या रिसेप्टरचं औषधांशी वागणं ऊतींमधल्या अल्फा-१एशी जुळलं आणि नाव मागे घ्यावं लागलं. प्रोस्टेट वाढलेल्यांना दिलं जाणारं टॅम्सुलोसिन याच अल्फा-१एला आणि अल्फा-१डीला अडवतं, अल्फा-१बीला तुलनेने कमी.