फेसबुकला आपली ओळख कशी कळते? कॉम्प्युटरचा हा अंदाज चुकतो कुठे, वाचा

हट्टा (ता. वसमत) : मोंढ्यात हळद विकताना एखाद्या आडत्याचा नंबर सेव्ह केला, की कधी कधी चार दिवसांत तोच माणूस फेसबुकवर 'तुमच्या ओळखीचे असू शकतात' म्हणून समोर येतो. मोबाईल आपलं बोलणं ऐकतो, असं अनेकांना वाटतं. पण त्यासाठी ऐकायची गरजच नाही. दोघांचे सामाईक मित्र, एकच ग्रुप आणि परवानगी दिली असेल तर मोबाईलमधली नंबरची यादी, एवढ्यावर हा अंदाज बांधता येतो.

ठिपके आणि रेघा

प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, ओळख म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. या जाळ्याला ग्राफ म्हणतात. आज नसलेली कोणती रेघ पुढे जुळेल, हे ओळखणं म्हणजे लिंक प्रेडिक्शन. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ हेच करतो. दोन्हीकडचे पाहुणे एकच निघाले, की त्याचं काम सोपं होतं.

पण सगळे सामाईक ओळखीचे सारख्या वजनाचे नसतात. कृषी सेवा केंद्रवाल्याला अख्खा गाव ओळखतो, म्हणून त्याचे दोन गिऱ्हाईक एकमेकांचे मित्र ठरत नाहीत. ज्याची उठबस मोजक्याच लोकांत आहे, त्याच्यामार्फतची ओळख जास्त पक्की. लाडा ॲडमिक आणि एतान अदार या संशोधकांनी २००३ मध्ये हाच हिशोब सूत्रात मांडला. पायथनच्या नेटवर्कएक्समध्ये तो तयार मिळतो.

९९ टक्क्यांचा फसवा निकाल

कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांचं गाडं इथंच अडतं. समजा, गावात १,००० माणसं आहेत. त्यांच्या जोड्या होतात ४,९९,५००. प्रत्येकाचे १० मित्र धरले तर खऱ्या रेघा फक्त ५,०००. आता कॉम्प्युटर डोळे झाकून 'कुणीच कुणाला ओळखत नाही' म्हणाला, तरी त्याचं ९९ टक्के उत्तर बरोबर येतं! आणि ओळख मात्र एकही सापडलेली नसते. म्हणून टक्केवारीवर जाऊ नये. त्यानं सर्वात खात्रीनं सांगितलेल्या १०० जोड्यांपैकी किती खऱ्या निघाल्या, ते मोजावं.

निकाल पटत नसेल तर हे तपासा

१. पेपर फुटला का? परीक्षेसाठी ठेवलेल्या रेघा शिकवतानाच्या जाळ्यातून आधी काढायला हव्यात. त्या तशाच राहिल्या, तर कॉम्प्युटर उत्तर बघूनच लिहितो.

२. एकच रेघ दोनदा आहे का? 'अ ते ब' शिकवण्यात आणि 'ब ते अ' परीक्षेत गेली, तरी पेपर फुटलाच.

३. एकाचे दोन ठिपके झाले का? कुणी वसमत लिहितो, कुणी बसमत. एकच नंबर +९१ लावून आणि न लावता येतो. कॉम्प्युटर ते वेगळे धरतो.

४. ठिपका एकटा आहे का? नवीन माणसाला एकही रेघ नसते, त्यामुळे नुसत्या जाळ्यावरून अंदाज लागत नाही. गाव, वय, धंदा अशी माहिती जोडावी लागते.

५. साध्या हिशोबाशी तुलना केली का? नुसते सामाईक मित्र मोजून जेवढं जमतं, तेवढंही मोठ्या मॉडेलला जमत नसेल, तर चूक मॉडेलमध्ये किंवा माहितीत असू शकते.

आपल्यासाठी महत्त्वाचं

भामटेही याच हिशोबाचा फायदा घेतात. खोट्या नावानं आधी गावातल्या पाच-सहा जणांना रिक्वेस्ट पाठवायची. त्यांनी ती घेतली, की बाकीच्यांना '६ सामाईक मित्र' दिसतात आणि विश्वास बसतो. पण तो आकडा म्हणजे कॉम्प्युटरनं मोजलेल्या रेघा आहेत, माणसाची खात्री नव्हे. अनोळखी रिक्वेस्ट आली तर त्या सामाईक मित्राला एक फोन लावून विचारावं. ओळखीच्या नावानं कुणी पैसे मागितले, तर आधी त्याच माणसाशी बोलावं. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाईन १९३० वर कळवावं.