फोटोत जांभळी, घरी आली तेव्हा निळी: साडीचा रंग वाटेत नेमका कुठे बदलतो?

इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्या कोणत्याही पेजच्या कमेंट्स उघडून बघा. 'फोटोत वेगळा रंग होता' ही तक्रार सापडतेच. आणि खाली ठरलेली ओळ असते, 'कॅमेरा व स्क्रीनमुळे रंगात थोडाफार फरक पडू शकतो'. ग्राहकाला ही पळवाट वाटते. पार्सल परत जातं, कुरिअरचे पैसे विकणाऱ्या ताईच्या खिशातून जातात. गंमत म्हणजे ती ओळ बरीचशी खरी आहे. फक्त हा 'फरक' किती पडू द्यायचा, हे बऱ्यापैकी आपल्या हातात असतं.

सुरुवात होते उजेडापासून

घरातला पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा असतो, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, ढगाळ आभाळ ६५०० किंवा त्याहून जास्त. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. आपला मेंदू हे गुपचूप सांभाळून घेतो, म्हणून बल्बखालीही पांढरा सदरा पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला मात्र अंदाज बांधावा लागतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात.

तो ऑटोवर असेल तर साडीच्या फोटोत हमखास घोळ होतो. हळदी रंगाच्या साडीने अख्खी फ्रेम भरली, की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे. तो पिवळेपणा कमी करतो आणि हळदी रंग फिका पडतो. पुढच्या फोटोत मागची भिंत जास्त आली, तर अंदाज पुन्हा बदलतो. एकाच साडीचे पाच फोटो, पाच रंग!

जांभळ्याची तर वेगळीच कथा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे फिल्टर आपल्या डोळ्यासारखे हुबेहूब नसतात. काही जांभळ्या छटा त्यामुळे थेट निळ्याकडे सरकतात. दोन कंपन्यांचे फोन शेजारी धरून एकच साडी टिपली तरी रंग जुळत नाही, त्याचं एक कारण हेच. वर फोन स्वतःच्या मर्जीने रंग 'खुलवतो', ते निराळंच.

उपाय स्वस्त आहे. फोटोच्या दुकानात ग्रे कार्ड मिळतं. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या उजेडात साडी ठेवायची, घरातले दिवे बंद करायचे आणि पहिला फोटो कार्डसकट काढायचा. मग लाइटरूम किंवा स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या कार्डावर टेकवायचा. फोनच्या प्रो मोडमध्ये केल्विनचा आकडा कायम ठेवला असेल, तर तेच सेटिंग बाकीच्या फोटोंनाही चालतं. ग्रे कार्डाऐवजी प्रिंटरचा कागद वापरू नका. तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी देणारी रसायनं असतात, त्यामुळे दिवसाच्या उजेडात तो निळसर असतो आणि त्याला प्रमाण मानलं की फोटो पिवळट होतो.

कोणाची वाटी?

आता एडिटिंग. फोटोत रंग म्हणजे फक्त आकडे असतात. लाल २५५, हिरवा ०, निळा ०. पण लाल म्हणजे नेमका कोणता लाल? रेसिपीत 'एक वाटी साखर' लिहिलंय, पण वाटी कोणाच्या घरची, असा हा प्रश्न आहे. एसआरजीबी ही एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणलेली छोटी वाटी, ती आज इंटरनेटवर सगळीकडे चालते. अडोबी आरजीबी १९९८ ची, मोठी. आयफोन २०१६ पासून डिस्प्ले पी३ ही तिसरीच वाटी वापरतो.

कोणती वाटी वापरली, याची चिठ्ठी फाइलमध्येच असते. तिला कलर प्रोफाइल म्हणतात. ही चिठ्ठी वाटेत हरवली, तर समोरचा फोन छोटी वाटी धरून चालतो. मोठ्या वाटीने मोजलेले आकडे छोट्या वाटीने वाचले, की साखर कमी पडणारच. फोटो मलूल दिसतो. म्हणून एक्सपोर्ट करताना कलर स्पेस एसआरजीबी निवडा आणि प्रोफाइल जोडण्याची खूण करा. चमकदार मोरपिशीसारखे काही रंग या छोट्या वाटीत मावतच नाहीत, ते थोडे दबतात. तेवढा तोटा सोसावा लागतो.

स्क्रीन

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे ती स्क्रीन एसआरजीबीचे साधारण ६० टक्केच रंग दाखवते. अशा स्क्रीनवर राणी रंग फिका वाटतो, म्हणून तुम्ही सॅच्युरेशन वाढवता आणि ग्राहकाच्या अमोलेड फोनवर तोच रंग भडक होतो. रोजचं काम हेच असेल तर कॅलिब्रेटर भाड्याने किंवा विकत घ्यावा. हे छोटं यंत्र स्क्रीनवर ठेवतात, ते ठरलेले रंग दाखवून मोजतं आणि त्या स्क्रीनचं प्रोफाइल बनवतं. नाहीच जमलं तर निदान एडिट करताना नाइट लाइट आणि ट्रू टोन बंद ठेवा, फोनची स्क्रीन 'व्हिव्हिड'वरून 'नॅचरल'वर आणा आणि पोस्ट करण्याआधी फोटो दोन-तीन फोनवर साडी शेजारी धरून पाहा.

ग्राहकाच्या फोनवर मात्र आपलं काही चालत नाही. त्यामुळे कॅप्शनमध्ये 'पर्पल' लिहून सोडू नका. 'वांगी रंग, निळसर झाक' असं लिहा, ते कुठल्याही स्क्रीनवर तसंच वाचलं जातं. आणि पैठणी धूपछाव असेल, म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, तर तिला एकच खरा रंग नसतोच. हलवली की बदलते. तिथे फोटोवर विसंबू नका, खिडकीपाशी पदर हलवत दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा.