कासव पडण्यापूर्वीचे चित्र

मौजे केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, या पत्त्यावरील एका प्राथमिक शाळेत, प्रार्थना आटोपल्यावर आणि गणिताचा तास सुरू होण्यापूर्वी जो अल्पसा अवकाश मिळतो, त्यात मुलांना चित्रांवरून नीतिकथा सांगण्याचा शिरस्ता तेथील एका गुरुजींनी घातला आहे, आणि तो जवळ बसून पाहण्याचा योग मला आला. शासनाच्या आनंददायी अभ्यासक्रमात सजगता, कृती आणि अभिव्यक्ती यांच्या जोडीला गोष्टही बसविली गेल्यापासून या उद्योगाला दप्तरी मान्यता लाभली आहे हे खरे. परंतु गुरुजींचे फलक त्याहून जुने आहेत, आणि त्यांच्या कडांवर पडलेल्या बोटांच्या काळसर डागांवरूनच ते उघड होते.

हे फलक पाठकोऱ्या दिनदर्शिकांचे. जुने पान उलटून खाकी पुठ्ठ्यावर खळीने डकवायचे, रात्रभर पाट्यांच्या थप्पीखाली दाबून ठेवायचे, पेन्सिलीने रेखाटन करून पोस्टर रंग भरायचे आणि वरच्या दोन भोकांतून सुतळी ओवून खिळ्याला टांगायचे, एवढीच त्याची कृती. चित्रकलेच्या परीक्षेत गुरुजींना फार गुण मिळाले असते असे मला वाटत नाही. त्यांचे हंस बदकांकडे झुकतात, आणि माणसांचे हात सदैव पाठीमागे बांधलेले असतात, कारण बोटे काढणे त्यांना जमत नाही, हे ते स्वतःच हसत सांगतात. परंतु कोणते दृश्य काढायचे आणि कोणते गाळायचे याचा त्यांचा विवेक पक्का आहे. दोन हंसांनी चोचीत धरलेली काठी आणि तिला मध्यभागी दातांनी लटकलेले कासव हे चित्र रंगविताना त्यांनी कागदाचा दोनतृतीयांश भाग निळा आणि मोकळा सोडला होता. इतके आकाश कशाला, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, त्याला पडायला जागा पाहिजे ना!”

गोष्ट सर्वश्रुत आहे. पंचतंत्राच्या मित्रभेद या पहिल्या तंत्रात कंबुग्रीव नावाचे कासव आणि संकट व विकट हे त्याचे हंसमित्र येतात. जातकात हीच कथा वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाला त्याचा अमात्य झालेला बोधिसत्त्व ऐकवितो, कारण राजा एकदा बोलू लागला की इतरांना तोंड उघडण्याची सवड मिळत नसे. म्हणजे जी कथा आज आपण आठ वर्षांच्या पोरांसाठी राखून ठेवली आहे, तिचा श्रोता एक प्रौढ आणि सत्ताधीश पुरुष होता, आणि ती त्याच्या सुखासाठीच सांगितली गेली होती. एस. टी. स्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानात सुखी जीवनाची सूत्रे विकत घेणाऱ्या प्रौढांनी या वंशावळीकडे थोडे लक्ष द्यावे, असे मला उगाच वाटून गेले.

गुरुजींनी चार फलक टांगले. आटलेले तळे, हंसांचा करार, आकाशातील प्रवास, आणि चौथ्यात तोच प्रवास अधिक जवळून: कासवाचे तोंड नुकतेच उघडू लागलेले, काठी आणि जबडा यांच्यामध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट. पाचवा फलक नाही. चौथ्यापाशी येऊन गुरुजी बोलायचे थांबले आणि खडूची पेटी आवरू लागले. वर्गात प्रथम चुळबुळ झाली, मग “पडलं ते!” असा एकच गिल्ला, आणि तो ओसरल्यावर मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, “गुर्जी, खालचे लोकं कामून हासू राह्यले?”

त्या प्रश्नासरशी सर्वांच्या नजरा कासवावरून निघून फलकाच्या तळाशी गेल्या. तेथे हात पाठीमागे बांधलेली, तोंडे वर केलेली माणसांची एक ओळ होती आणि ती सगळी हसत होती. “ते हासले म्हून तं त्यानं तोंड उघडलं,” एक मुलगा म्हणाला. “तरी बी त्यानं दम धराया पाह्यजे होता,” दुसरा म्हणाला. गुरुजींनी निवाडा दिला नाही. त्यांनी इतकेच विचारले की, या खालच्या ओळीत आपल्यापैकी कोण कोण कधी उभे राहिले आहे; आणि बऱ्याच वेळाने, एकमेकांकडे पाहत, हात वर होऊ लागले.

कथेच्या पाठात ही माणसे एका वाक्याची धनी असतात. पंचतंत्रात नगरजन विस्मयाने कलकलाट करतात, जातकात पोरे ओरडतात, आणि निवेदन लगेच कासवाच्या अधःपाताकडे धाव घेते. ऐकणाऱ्याला त्यांच्यापाशी थांबण्याची मुभाच नसते. चित्रात मात्र माणूस काढायचा म्हटले की त्याला जागा द्यावी लागते, चेहरा द्यावा लागतो, आणि एकदा चेहरा दिला की त्याच्याकडेही जाब मागता येतो. वाचाळतेची निंदा करणारी कथा अशा रीतीने उपहासाची कथा होते. पहिला बोध कासवाला उपयोगी होता. दुसरा केदारखेड्याच्या त्या वर्गाला अधिक जवळचा होता, कारण तेथे आकाशातून उडणारे कोणी नव्हते, परंतु हसणारे पुष्कळ होते.

आपल्याकडे छापील नीतिकथा आली तीच तात्पर्याचे शेपूट घेऊन. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापाच्या कथा मराठीत करविल्या, आणि मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ मध्ये निघाली. त्यानंतरच्या पिढ्यांना कथेखालील ‘तात्पर्य’ कथेआधी वाचण्याची खोड लागली, ती परीक्षेत तेवढेच विचारीत म्हणून. त्यापूर्वीची रीत निराळी होती. महानुभाव पंथातील केशिराजबासांच्या दृष्टान्तपाठात चक्रधरस्वामींचे सूत्र आणि दृष्टान्त येतात, आणि त्यांचा मेळ घालणारे दार्ष्टान्तिक हे संकलकाने वेगळे जोडलेले असते. म्हणजे कथा कोणाची आणि अर्थ कोणी लावला याचा हिशेब तेथे स्वच्छ राहतो. अलीकडच्या काळात ‘चांदोबा’तला वेताळ विक्रमाच्या खांद्यावरून बोध न करता प्रश्न टाकीत असे, आणि त्या पानावरचे शंकर यांचे चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना प्रश्नापेक्षाही राजाची ती चाल आठवते.

केदारखेड्याच्या भोकरदन तालुक्याला लागून सिल्लोड तालुका आहे, आणि तेथून जवळच चित्रांनी कथा सांगणारी अजिंठ्याची लेणी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक हरिषेणाच्या काळी, सतराव्या लेण्याच्या भिंतींवर जातके रंगविली गेली, त्यांत महाकपीचे जातक आहे: गंगेवर स्वतःच्या देहाचा सेतू करून कळपाला पलीकडे नेणारा वानरराज. तेथे केवळ वानरराज दिसत नाही. बाण रोखलेले धनुर्धारी आहेत, लवाजम्यासह राजा आहे, नदीत मासे आहेत. डीटर श्लिंगलॉफ या जर्मन पंडिताने दाखवून दिले आहे की अजिंठ्याच्या चित्रकारांनी प्रसंगांची मांडणी पुष्कळदा काळाच्या क्रमाने न करता स्थळाच्या अनुरोधाने केली; राजवाड्यात घडलेले आधीचे आणि नंतरचे एकाच ठिकाणी, अरण्यातले दुसऱ्या ठिकाणी. पाहणाऱ्याने मग आपली वाट आपणच काढावी. कोणी वानराच्या पाठीपासून आरंभ करील, कोणी धनुर्धाऱ्याच्या डोळ्यापासून, आणि प्रत्येकाच्या पदरी पडणारा उपदेश थोडा भिन्न असेल.

पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची पद्धत याच्या उलट आहे, कारण ते पोथीतले एकेक पान उचलून समोर धरतात आणि गाणे पानाला बांधलेले असते. तेथे वाट दाखविणारा हजर असतो. २०२१ साली त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या परंपरेची वाच्यता झाली. गुरुजींची पद्धत मला या दोहोंच्या मध्ये कोठेतरी दिसते: फलक ते क्रमाने टांगतात, पण काढून ठेवत नाहीत, त्यामुळे मुलांची नजर चौथ्यावरून पुन्हा पहिल्यावर जाऊ शकते. आटलेल्या तळ्यात मासेही राहिले असतील, त्यांना कोणी का नेले नाही, हा प्रश्न अशाच परतलेल्या नजरेने विचारला होता, आणि त्याचे उत्तर वर्गात कोणापाशी नव्हते.

गोष्टीचा अवकाश संपता संपता मुलांनी पाचव्या फलकाची मागणी केली. कासवाच्या मृत्यूचे चित्र त्यांना नको होते; हंस पुढे काय करतात ते पाहिजे होते. गुरुजींनी विचारले की त्यांच्या चोचीत काठी दाखवू की नको. एकाने सांगितले, काठी टाकून ते खाली उतरले असतील. मघाच्याच मुलीला हे मान्य नव्हते. तिच्या मते, काठी दोघांनी धरली होती, तेव्हा एकाने सोडली तर ती दुसऱ्याच्या मानेला हिसका देईल. यावर बराच काथ्याकूट झाला, गणिताच्या तासाची दहा मिनिटे त्यात गेली, आणि अखेरीस गुरुजींनी दोन कोरे पुठ्ठे बाजूला काढून त्यांच्या पाठीमागे पेन्सिलीने ‘काठीसह’ आणि ‘काठीविना’ अशी नोंद केली.