सार्वजनिक काका आणि पन्नास सह्या

सभासद बंधूंनो,

मागे ऊस लागणीच्या नोंदी घेत पहूर शिवारात फिरत होतो. बांधावर चहा झाला तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, "साहेब, वार्षिक सभेचं पत्र आलं खरं, पण आमच्या एकट्याच्या येण्यानं काय फरक पडतो?" मी म्हटले, "आप्पा, एका वकिलाची गोष्ट ऐका." तीच गोष्ट येथे थोडक्यात देत आहे.

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. पुढे पुण्यात त्यांनी वकिली केली. त्या वेळी पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांत कुरबुर होती. ओट्यावर बसून बोलणारे पुष्कळ होते, पण गाऱ्हाणे घेऊन सरकारकडे कोणी गेले तर पहिला प्रश्न हाच येणार की, तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? कायदेमंडळात लोकांनी निवडलेला एकही माणूस तेव्हा नव्हता.

यावर तोड म्हणून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या उभारणीत जोशी वकील पुढे होते. सभेचा नियम साधा, पण पक्का होता. ज्याला प्रतिनिधी व्हायचे त्याने निदान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. सुरुवातीला असे ९५ प्रतिनिधी जमले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे ६,००० सह्या होत्या. आता "तुम्ही कोण?" याला उत्तर तयार होते. सभेच्या कामात बुडालेल्या या वकिलांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणू लागले.

१८७१ साली न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले आणि सभेला त्यांच्या अभ्यासाची जोड मिळाली. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून शेतकऱ्यांची हलाखी सरकारपुढे लेखी मांडली. १८७७ च्या दिल्ली दरबारात सभेच्या वतीने काका गेले, तेही हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत. वकील असूनही, तंटे कोर्टात न जाता आपसात मिटावेत म्हणून त्यांनी लवाद न्यायालयाचा पुरस्कार केला. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला झाला, तेव्हा सरकारचा रोष पत्करून काका त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, ते वारले.

आता आप्पांचा प्रश्न. काकांच्या शब्दाला वजन आले ते त्या पन्नास-पन्नास सह्यांमुळे. त्यातली प्रत्येक सही अशाच कोणा एकट्या माणसाची होती. आपल्या कारखान्यात तर सह्या गोळा करण्याचीही गरज नाही. शेअर एक असो की दहा, सहकारात एका सभासदाला एकच मत, आणि ते कायद्याने दिलेले आहे. तोडणीचा क्रम, ऊसदर, कपाती याबद्दल पारावर बोलणे होतेच. तेच सभेत, अहवाल वाचून, कागदावर लिहून विचारले तर उत्तर देणे भाग पडते.

मी पगारी नोकर आहे. प्रश्न आले की आम्हा अधिकाऱ्यांनाही घाम फुटतो, हे कबूल करतो. पण कारखाना त्यानेच सरळ चालतो. तेव्हा सभेला या, आणि येताना शेजारच्या सभासदालाही सोबत आणा.

आपला,
ऊस विकास अधिकारी