उत्तर न देणारा सर्व्हर

माधवनगरच्या पेठेतल्या दुकानदाराला गल्ल्याजवळच्या स्पीकरने पैसे आल्याचं सांगितलं की त्याच्यापुरता व्यवहार संपतो. ती नोंद कुठल्या डिस्कवर गेली, याची काळजी त्याने करायची नसते. ती करणाऱ्यांतले बरेच जण पुण्यात बसतात. व्हेरिटास या अमेरिकी कंपनीचं मोठं विकास केंद्र पुण्यात होतं. डिस्क आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या तिच्या सॉफ्टवेअरवर इथल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मालक मात्र बदलत राहिले : २००५ साली सिमँटेक, २०१६ साली कार्लाइल, आणि २०२४च्या अखेरीस बॅकअपचा मुख्य धंदा कोहेसिटीकडे जाऊन डिस्क-सर्व्हर सांभाळणारं इन्फोस्केल हे उत्पादन आर्क्टेरा या नव्या कंपनीच्या वाट्याला आलं.

दरम्यान जग कंटेनरकडे, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या गरजांसह बांधून कुठल्याही सर्व्हरवर चालवायच्या पद्धतीकडे, वळलं होतं. असे कंटेनर बनवणारं डॉकर २०१३चं, ते अनेक सर्व्हरांवर चालवणारं गूगलचं कुबरनेटीस २०१४चं. कंटेनर मुळातच टाकाऊ : एक मेला की दुसऱ्या सर्व्हरवर नवा उभा करायचा. वेबसाइटला हे चालतं, खातेवहीला नाही. म्हणून २०१६ साली डेटा धरून राहणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी कुबरनेटीसमध्ये वेगळी सोय आली, आणि डिसेंबर २०१८मध्ये कुठल्याही कंपनीचा साठा जोडता येईल अशी सीएसआय ही जोडणी पक्की झाली. व्हेरिटाससारखी जुनी मंडळी त्याच दाराने आत आली.

साठा टिकाऊ असणं आणि तो हवा तेव्हा हाती लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं सुरक्षित राही. २००५च्या महापुराचं पाणी शिरलं तेव्हा त्या मालाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. डेटाच्या प्रती काढता येतात. सेफ ही डेटा साठवण्याची मुक्त प्रणाली सहसा तीन ठेवते. पण प्रती ठेवणं हा सोपा भाग.

खरी मेख पुढे आहे. डेटाबेस चालवणाऱ्या सर्व्हरची नेटवर्क केबल निघाली. तो जिवंत आहे, डिस्कवर लिहितोय, पण बाकीच्यांना वाटतं तो मेला. दुसऱ्याने तोच डेटाबेस सुरू केला तर एकाच डिस्कवर दोघे लिहू लागतील आणि सगळी फाइल सिस्टिम बिघडेल. यालाच ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. व्हेरिटासचा जुना उपाय मला अजून सर्वांत रोखठोक वाटतो. सर्व्हर दर अर्ध्या सेकंदाला एकमेकांना ‘आहे’ असं कळवतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये सोळा सेकंद शांतता झाली की दोन्ही बाजू तीन छोट्या डिस्कांकडे धावतात. प्रत्येकीवर प्रत्येक सर्व्हरची किल्ली नोंदलेली असते. तीनपैकी दोन डिस्कांवरून समोरच्याची किल्ली जो पुसेल, तो जिंकला. ज्या बाजूला सर्व्हर जास्त, तिला शर्यतीत थोडी आघाडी मिळते. हरलेला सर्व्हर स्वतःच कोसळतो, आणि डेटाच्या डिस्काही त्याचं लिखाण नाकारतात.

कुबरनेटीसकडे मुळात अशी शर्यत नाही, म्हणून ते थांबतं. सर्व्हर गप्प झाल्यावर त्यावरचे कंटेनर हलवण्याआधी साधारण पाच मिनिटं जातात. डेटाबेससारख्या कंटेनरांची तर जुना मेल्याची खात्री पटेपर्यंत नवी प्रत निघतच नाही. रात्री दोन वाजता स्क्रीनवर ‘टर्मिनेटिंग’ (बंद होत आहे) पाहत बसलेला ऑपरेटर वैतागतो. पण चूक थांबण्यात नाही. खात्री न करता झटपट उभं राहणारं सॉफ्टवेअर जास्त घातक. सर्व्हर खरंच बंद आहे हे माणसाने पाहून तशी खूण करायची पक्की सोय कुबरनेटीसमध्ये २०२३ साली आली.

आणखी एक. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद तिन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. शिवाय तिन्ही प्रती एकाच इमारतीच्या तळमजल्यावर असतील तर सांगलीकराला वेगळं सांगायला नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. मग एक प्रत पुण्याला ठेवा, पण सव्वादोनशे किलोमीटर फायबरमधून जाऊन यायला प्रकाशालाही दोन मिलिसेकंदांहून जास्त लागतात. प्रत्येक नोंदीने पुण्याच्या होकारासाठी थांबायचं, की शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी गमावण्याची तयारी ठेवायची, हे संचालक मंडळाने ठरवायचं, विक्रेत्याने नव्हे.

आपल्या पतसंस्थेत किंवा कारखान्यात अशी यंत्रणा घेणार असाल तर विक्रेत्याला डेमोत वीज बंद करायला सांगू नका, ती परीक्षा सगळेच पास होतात. नोंदी चालू असताना फक्त नेटवर्कची केबल काढायला सांगा, आणि दुसरा सर्व्हर उभा राहिल्यावर ‘झाली’ म्हणून कळवलेली प्रत्येक नोंद जागेवर आहे का ते मोजून घ्या.